कोठ्यातला सव्वा महिना

जठारपेठेत आमच्या गल्लीत जितकी घरं, जवळजवळ तितक्याच 'कुत्र्यापासून सावध' अशा पाट्या आहेत. पाटीमागे बहुधा एखादं झुबकेदार केसांचं, अकोल्याच्या उन्हात जीभ काढून पडलेलं परदेशी जनावर असतं आणि ते दिवसभर साखळीला बांधलेलं असतं. दूधवाला आला की भुंकतं, पेपरवाला आला की भुंकतं, पार्सलवाल्यावर तर साखळीचा फास बसेपर्यंत झेपावतं. मालक शेजारी उभा राहून कौतुकानं सांगतो, "लय कडक आहे बरं." चहा कडक असावा, इस्त्री कडक असावी. कुत्रं कडक असलं की मला त्याची कीव येते आणि मालकाचा राग येतो. ते बिचारं शूर नसतं, भ्यालेलं असतं. हे मी गल्लीत दोन-तीन घरी सांगून पाहिलं. तेव्हापासून कुत्र्यांच्या बाबतीत मला कोणी काही विचारत नाही.

माझं हे शहाणपण आत्याबाईकडून आलेलं. आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमचं मूळ घर माळ्यांचं. वडील शिकून मास्तर झाले आणि अकोल्याला आले, मीही त्यांच्याच वाटेनं जाऊन कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आत्याबाई मात्र माळ्याच्या घरातून माळ्याच्याच घरात गेली. परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाटचे डोंगर स्पष्ट दिसू लागतात तिथे तिचा संत्र्याचा बगीचा आहे. आतोबा गेल्यापासून सगळं तीच पाहते. सुट्टी लागली की अकोट, अंजनगाव करत मी अजूनही एसटीनं तिच्याकडे जाते, आणि पोचल्यावर पहिला अर्धा तास कुत्र्यांमध्ये काढते. आत्याबाई म्हणते, "मानसाइले भेटाले आली का कुत्र्याइले?" खरं उत्तर तिला माहीत असतं.

बगीच्याला राखण लागतेच. डोंगरातून वानरांचे कळप येतात, रानडुकरं झाडांच्या बुडाशी उकरतात, रोही, म्हणजे नीलगायी, येऊन कोवळी कलमं खुडून जातात. आणि त्याच बगीच्यात शिड्या घेऊन तोडणीवाले येतात, व्यापाऱ्याची माणसं येतात, भाजीवाल्या बाया धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, ये-जा करतात. म्हणून आत्याबाईचं कुत्रं मोकळं असतं आणि त्याला दोन कामं यावी लागतात. डुकरामागे जीव तोडून धावायचं, आणि माणूस दिसला की एकदा भुंकून वर्दी द्यायची नि गप्प बसायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा फार अवघड. तिच्याकडची कुत्री मूळची मेंढरांमागून फिरणाऱ्या लोकांची. उन्हाळ्यात ते लोक खतासाठी वावरात मेंढरं बसवायचे, तेव्हा आतोबांनी त्यांच्याकडून एक पिल्लू मागून घेतलं होतं. त्याच वंशाची कुत्री अजून चालू आहेत, आणि आसपासच्या बगीचेवाल्यांमध्ये आत्याबाईच्या घरचं पिल्लू मिळणं हा मान आहे.

कोणतं पिल्लू राखणीचं, हे ठरवायची तिची एक रीत आहे. पिल्लं नीट चालायला लागली की ती त्यांच्यामध्ये बसते आणि जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, ताट हातातून सोडून देते. फरशीवर ताटाचा जो काही आवाज होतो, त्यानं मीही दचकते. पिल्लं वाट फुटेल तिकडे पळतात. मग आत्याबाई कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहते.

"जे दचकत नाई ते बहिरं, नाई तं बुद्दू," ती मला लहानपणी सांगायची. "जे दचकून गेलं अन् आलंच नाई, ते जल्मभर पयतच राहीन. दचकलं, पन मंग काय पडलं म्हनून पाहाले परत आलं, ते माहं."

पुढे अभ्यासक्रमात प्राण्यांचं वर्तन आलं तेव्हा मला पहिल्यांदा हे ताट आठवलं. पण आत्याबाईचं आणि माझं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. तिच्या मते सगळं रक्तात असतं, खाण तशी माती. मी म्हणायची, रक्तात असतं तेवढंच वळणातही असतं. यावर ती तिची ठरलेली म्हण फेकायची, की कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. हा वाद आम्ही इतकी वर्षं घातला की त्याची दोघींनाही गोडी लागली होती. त्याचा निकाल लावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आत्याबाईच्या बगीच्याला लागून काकूचं वावर आहे. काकू माझी कोणी लागत नाही, सगळेच तिला काकू म्हणतात. झेंडू, शेवंती आणि जोडीला थोडा भाजीपाला पिकवते. वर्षानुवर्षं पहाटे ती डोक्यावर फुलांचं टोपलं घेऊन धुरा ओलांडायची, बगीच्यातून चालत विहिरीपाशी यायची, तिथे आत्याबाई आपली भाजीची पाटी घेऊन तयार असायची, आणि दोघी सडकेवर जाऊन परतवाड्याची जीप धरायच्या. जीपमधल्या त्यांच्या गप्पा ऐकायला मी सुट्टीतसुद्धा लवकर उठायची. परतवाडा येईपर्यंत गावातली निम्मी घरं धुऊन, पिळून, वाळत घातलेली असायची. बाजारात दोघी शेजारी बसायच्या, एकीची फुलं संपली की ती दुसरीची भाजी विकायला लागायची. आत्याबाईला मैत्रीण म्हणावी अशी ही एकच.

आणि तिलाच तांबडा चावला.

तांबडा हा आत्याबाईचा त्या वेळचा मुख्य कुत्रा. रंगानं तांबूस, छातीनं रुंद, डुकरामागे धावायला असा की तोडणीवाले काम थांबवून बघायचे. पण माणूस पाहिला की तो एकदा भुंकून बसत नसे. लांबून गोल गोल फिरायचा, मागून यायचा, शेपूट पोटाशी धरून गुरगुरायचा. काकू दोन-तीनदा बोललीही होती, "तुहं हे कुत्रं मले डोये वटारून पायते वो." आत्याबाई हसण्यावारी न्यायची. डुकरं पळवतो ना, मग झालं, असं तिचं म्हणणं. दिवाळीआधी झेंडूची गर्दी होती, काकूनं टोपल्यावर प्लास्टिकचा मोठा कागद टाकला होता, वाऱ्यानं तो फडफडला आणि तांबड्यानं मागून येऊन तिची पोटरी धरली. परतवाड्याच्या दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. सगळा झेंडू धुऱ्यावर सांडला आणि तिथेच वाळला.

काकू बरी होऊन आली ती धुऱ्याच्या पलीकडेच उभी राहिली. तिथूनच ओरडून म्हणाली, "एक तं त्याले काढ, नाई तं मले काढ."

"त्याले काढून बगीचा कोन राखन? डुकरं?" आत्याबाई अलीकडून ओरडली.

झालं. त्या दिवसापासून काकू लांबच्या रस्त्यानं फिरून सडकेवर जायला लागली आणि दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागली. बाजारातली जागाही तिनं बदलली. मी नाताळात गेले तर आत्याबाई जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलेली, आणि गावातल्या एकाही घराबद्दल एक शब्द नाही. मला ते बघवेना. तिला काकू हवी होती आणि बगीच्यात कुत्राही हवा होता, आणि दोन्ही एका वेळी मिळायचा रस्ता तिला दिसत नव्हता.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं छळलं होतं. असा कुत्रा या घरात निपजलाच कसा?

"बाप खराब निंघाला असंन," आत्याबाई म्हणाली. तिच्याकडून दुसरं उत्तर येणारच नव्हतं. पण बाप खराब असेल तर भावंडंही तशीच निघायला हवीत, हे साधं गणित. तांबड्याच्या वेतातली पिल्लं कुठे कुठे गेली ते मी आत्याबाईकडून वदवून घेतलं आणि सुट्टीतले दोन दिवस कुत्री बघायला निघाले. घरी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून अमरावतीला मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं.

अंजनगावच्या अलीकडे एका बगीच्यात तांबड्याची बहीण होती. मी फाटकाला हात लावला तशी ती बैलबंडीखाली गेली आणि मी निघेपर्यंत तिथून गुरगुरत राहिली. मालक खूश होता. "पाहा, कशी कडक आहे!" मी चहा न घेता निघाले.

भाऊ नांदगाव पेठेत होता, एका कापडाच्या कारखान्याच्या फाटकावर. मी पोचले तेव्हा पाळी सुटत होती. मोटारसायकली, सायकली, टेम्पो, डबे हलवत चालणारी माणसं, आणि या सगळ्याच्या मध्ये तो हुबेहूब तांबड्यासारखा कुत्रा पायांवर हनुवटी टेकवून पडलेला. एक डोळा उघडून त्यानं मला पाहिलं, एकदा भुंकला, पुन्हा डोळा मिटला. मला राहवेना. मी माझा जेवणाचा डबा जोरात खाली टाकला. चार माणसं वळून बघायला लागली. कुत्रा ताडकन उठला, चार पावलं मागे गेला, मग मान लांब करून परत आला आणि सांडलेलं चून, म्हणजे पिठलं, हुंगून खायला लागला. भर फाटकात मी हसत सुटले. चौकीदार माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती माझे विद्यार्थीही कधीकधी वापरतात.

आई तीच, बाप तोच, जन्माचा दिवसही तोच. चौकीदाराला विचारलं, कुत्रा कधी आणला? तो म्हणाला, "लय लहान होता जी. दूध सुटलं तसाच आनला. आजीबाई देत नोती, भांडन करून आनला." बंडीखालच्या बहिणीला मालकानं नेलं होतं ते तीन महिन्यांची झाल्यावर, आत्याबाईनं त्याआधी द्यायला साफ नकार दिला म्हणून. परतीच्या बसमध्ये मी हेच उलटसुलट करत बसले. तीन महिने का? आत्याबाई तर पिल्लं लवकर द्यायची.

मग आठवलं. तांबड्याच्या आधीचं अख्खं वेत मेलं होतं. रक्ताची हगवण लागली, कोणाच्या तरी पायताणाबरोबर आली असं डॉक्टर म्हणाले, आणि आठवड्याच्या आत एकही पिल्लू उरलं नाही. आत्याबाईनं सगळी आपल्या हातानं पुरली होती. आमच्याकडे व्यालेल्या कुत्रीला माहेरवाशिणीसारखं जपतात. तिला कोठ्यात, म्हणजे ढोरांच्या गोठ्यातच, एका कोपऱ्यात गोणपाट अंथरून जागा करायची, दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावायचा, निंबाचा डहाळा खोचायचा, ओव्याची धुरी द्यायची, बाजरीची गुळाची राब पाजायची. बाळंतिणीला असतो तसा सव्वा महिना. पण तो पडदा नावालाच असायचा. तोडणीवाले डोकावायचे, काकू टोपलं घेऊनच आत यायची, शेजारची पोरं पिल्लं उचलून न्यायची. तांबड्याच्या वेळी मात्र आत्याबाईनं पडदा काढून दारच लावून घेतलं. सव्वा महिन्याचे तीन महिने केले. आत फक्त ती जायची.

पिल्लाचे डोळे उघडल्यापासून साधारण तीन महिने फार मोलाचे असतात. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं, ते त्याच्या जगात असतं. जे नाही ते पुढे जन्मभर भूत. तांबड्याच्या जगात एक माणूस होतं, आत्याबाई. बाकीची सगळी आम्ही भुतं. दोन कुत्री पाहून शास्त्र होत नाही, हे मी मुलांना शिकवते आणि स्वतःलाही बजावलं. तरी माझी खात्री पटली होती.

आत्याबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती ज्वारीचं पीठ मळत होती. हात थांबले.

"म्हंजे मी मरू देऊ होतं काय त्याइले?" ती म्हणाली. "हगवनीनं मेलेले पिल्लं मीनं गाडले. तुह्या पुस्तकानं नाई गाडले."

तिचा प्रश्न बरोबर होता. दार उघडं ठेवलं तर रोग, लावलं तर तांबडा. त्या दिवशी भाकरी तिनं ताटात आपटूनच वाढली. संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या पाठमोरीच विचारलं, "किती दिवस म्हंते तुहं पुस्तक? डोये उघडल्यापासून?" मी सांगितलं. मग म्हणाली, "म्हातारी गाभन हाय. हे तिचं शेवटचं." म्हातारी म्हणजे तांबड्याची आई. तिच्या पाठीवरचे केस पांढरे झाले होते, आणि वंश चालवायला दुसरी कुत्री घरात नव्हती. मग माझ्याकडे न बघताच आत्याबाईनं विचारलं, तिचं एखादं पिल्लू असं वाढवता येईल का, की काकू पुन्हा धुऱ्यावरून येईल.

संक्रांतीनंतर म्हातारी व्याली. परतवाड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना आम्ही आमची अडचण सांगितली. त्यांनी डोकं खाजवून एक तोड काढली. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लांना बाहेरच्या जमिनीवर सोडायचं नाही, पण उचलून कुठेही न्या. ओळखीची माणसं पायताणं बाहेर काढून, हात धुऊन आत येऊ देत. आत्याबाईला हे सोवळं लगेच समजलं.

आणि मग परतवाड्याच्या जीप स्टँडवर एक दृश्य दिसायला लागलं. आत्याबाई बाकावर बसलेली, मांडीवर कोंबड्यांचं डालं, डाल्यात खाली गोणपाट आणि वर पिल्लांची डोकी. मी सुट्टी काढून गेले होते तेव्हा शेजारी मीही. समोरून हेल्मेटवाले जायचे, काळ्या छत्र्या जायच्या, वरातीचा बँड जायचा, काठी टेकत म्हातारे जायचे, डोक्यावर ट्रंक घेतलेले हमाल जायचे. जीपवाले ओरडत असायचे. पिल्लं आधी गोणपाटात तोंड खुपसायची, मग एकेक नाक बाहेर यायचं.

"आजी, इकाले आनले काय?" कोणीतरी विचारायचंच.

"नाई. गाव दाखवाले आनले."

"अन् मंग नेता कुठी?"

"घरी नेतो. तुह्या घरी येऊ काय?"

माणूस निघून जायचा. आत्याबाईला गंमत वाटायला लागली होती. कोणतं पिल्लू कशाला भितं हे ती आता स्वतःच शोधायची, आणि मला फोन करून सांगायची, म्हणजे माझ्या तासाच्या मध्येच सांगायची. छत्रीला सगळी भितात, उघडताना भितात, उघडल्यावर नाही. दाढीला एकच भितं. बँडला एकही भीत नाही, काहून? मला माहीत नव्हतं. मी स्टाफरूममध्ये विचारून पाहिलं, तिथेही कोणाला माहीत नव्हतं.

एकदा एका पिल्लानं दूध सोडलं आणि पातळ हगलं. त्या दिवशी आत्याबाईचा फोन आला नाही, मीच केला. "बसली हावो त्याच्यापाशी," एवढंच ती म्हणाली. मी घाबरले. हा उद्योग मी तिच्या गळ्यात घातला होता, आणि ती तसं बोलली नाही याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जंत आहेत. मी जठारपेठेतल्या मारुतीला नारळ फोडला. मी जीवशास्त्र शिकवते हे त्या वेळी मला आड आलं नाही.

ताटाची परीक्षा मी तिथेच असताना झाली. ताट पडलं, पिल्लं उधळली, आणि एक वगळता सगळी परत आली. जे आलं नाही ते बाजेखाली बसून भुंकत होतं. म्हणजे रक्तही काहीतरी होतंच. इतकं गाव दाखवूनही ते एक तसंच राहिलं. आत्याबाईनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं आणि मी अर्धी हार कबूल केली. पिल्लू बघायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक नेमकं बाजेखालच्यालाच बोट दाखवायचं, "हे द्या, हे कडक दिसते." आत्याबाई म्हणायची, "ते घरात निजाचं हाय, राखनीचं नाई." ते तिनं कोणालाच दिलं नाही. बाकीची तिला पसंत पडलेल्या घरी गेली. सगळ्यात आधी परत येऊन चक्क ताटात बसलेली पांढरट कुत्री तिनं स्वतःला ठेवली. म्हातारीची जागा घेणारी, पुढचा वंश जिच्यापासून चालायचा ती हीच.

पण खरी परीक्षा राहिलीच होती. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर फडफडणारा कागद, ओल्या फुलांचा वास आणि धुऱ्यावरून येणारी बाई. आत्याबाईनं टोपलं घेऊन फेऱ्या मारल्या. पिल्लू शेपूट हलवत तिच्या मागे मागे फिरलं, कारण ती आत्याबाई होती. मग मी घेतलं. माझ्या डोक्यावरून ते दोनदा पडलं, तोडणीवाले हसले, पिल्लू त्यात जाऊन बसलं. त्याला मीही ओळखीची झाले होते. यातून काही कळत नव्हतं.

"तिलेच सांगा लागते," शेवटी आत्याबाई म्हणाली. तिनं कोणाकडे जाऊन पडतं घेतल्याचं आमच्या घराण्यात कोणालाच आठवत नाही. आतोबासुद्धा तिच्याशी भांडण झालं की आधी स्वतःच बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, पिल्लू डाल्यात घातलं आणि धुरा ओलांडला. मी मागे. काकू अंगणात बाजेवर बसून शेवंतीचे देठ खुडत होती. तिनं वर पाहिलं, पिल्लू पाहिलं, आणि पाय बाजेवर ओढून घेतले. पोटरीवरचा व्रण मला तेव्हा दिसला.

"आता हे आनलं चावाले?" काकू म्हणाली.

आत्याबाईनं डालं खाली ठेवलं. ती बसली नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"चावलं त्यानं," ती म्हणाली, "पन कसूर माहा हाय. मीनं त्याले दारामागं कोंडलं. मले वाटलं, जपून राहिली. त्याले मीनं मानूसच दाखोला नाई वो. मंग तुले पाहून त्याचं काय झालं असंन." आणि थोडं थांबून, "तू सांगत होती मले. मी हासली."

काकूचे हात थांबले. पिल्लू डाल्यातून उतरलं, शेवंतीच्या ढिगापाशी गेलं, एक फूल तोंडात धरून बाजेखाली घेऊन बसलं, काकूच्या अगदी पायांखाली.

"इतकं बोलाले सहा महिने लागते तुले?" काकू म्हणाली. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि अगदी भाजीचा भाव करावा तशा सुरात म्हणाली, "हे इथंच राहीन. माह्याजवळ वाढन. मंगच मी पाहीन."

राखणीची म्हणून आत्याबाईकडे ती एकच होती. म्हातारीची शेवटची, ताटात बसलेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ठेव," ती म्हणाली.

परत येताना ती रिकामं डालं कमरेवर घेऊन माझ्या पुढे चालत होती आणि रडत होती. मी तिला रडताना आतोबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला कुत्रीचं वाईट वाटत होतं आणि आत्याबाईचा अभिमान वाटत होता.

विहिरीपाशी तिनं तारेच्या जाळीचा मोठा घेर बांधून घेतला. बाया-माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळी तांबडा त्यात राहतो, बाकी वेळ मोकळा. काही लोक म्हणाले, त्याला सरळ सोडून द्या दूर जंगलात. आत्याबाईनं त्या लोकांना चहाही विचारला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा पिल्लाची चांगली उंच कुत्री झाली होती. काकूच्या अंगणात झोपायची, दिवसभर दोन्ही वावरांत हिंडायची. काकू मात्र अजून सडकेनंच जात होती. आत्याबाई रोज पहाटे पाटी घेऊन विहिरीपाशी उभी राहायची, धुऱ्याकडे बघायची, आणि मग एकटीच सडकेला लागायची. मी तिच्याबरोबर उभी राहायची. तिनं मला घरात जा म्हटलं नाही.

मग एके पहाटे आधी कुत्री दिसली. धुऱ्यावर येऊन ती एकदा भुंकली आणि बसली. तिच्या मागे टोपलं, टोपल्याखाली काकू. तांबड्यानं जाळीवर झेप घेतली, सगळी तार हादरली. काकू धुऱ्यावरच थबकली. तिनं टोपलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आत्याबाईनं पदर तोंडात धरला होता. तांबडा भुंकून भुंकून दमला. कुत्री उठली, काकूच्या आणि जाळीच्या मधून चालायला लागली, आणि काकूही पाऊल टाकायला लागली. एक हात टोपल्याला, एक हात कुत्रीच्या पाठीवर. बगीचा ओलांडून ती विहिरीपाशी आली, आमच्या पुढून गेली, आणि सडकेच्या तोंडाशी जाऊन मागे वळली.

"उभी काहून हायेस वो?" ती ओरडली. "जीप सुटून राहिली!"

आत्याबाई भाजीची पाटी तिथेच विसरून धावत सुटली.